इंजिन पळतं, बोट नाही

पंप चालू आहे, पण पाणी येत नाही. करकंबच्या शिवारात ही तक्रार ऐकली नाही असा मोटार-मेकॅनिक शोधून सापडणार नाही. मोटार फिरते, आवाज नेहमीपेक्षा मोकळा येतो आणि पाइपाच्या तोंडाशी मात्र काही नाही. जाणता मेकॅनिक लगेच मोटारीला दोष देत नाही. पंपाने हवा धरली आहे का, इम्पेलरमध्ये कचरा अडकला आहे का, मोटार आणि पंप यांना जोडणारं कपलिंग शाफ्टवर नुसतंच गरगरतंय का, हे तो आधी पाहतो. मोटार फिरते म्हणजे इम्पेलर फिरतोच असं नाही आणि इम्पेलर फिरतो म्हणजे पाणी सरकतंच असंही नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

करकंबपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर, उजनीच्या जलाशयात, हाच बिघाड वेगळ्या शब्दांत सांगितला जातो. इंजिन रेस होतंय, बोट ओढत नाही. पंख्याची पाती तीच, शाफ्ट तोच, डिझेल किंवा पेट्रोलही तेवढंच जळतं; पण काठ जवळ येत नाही. फरक एवढाच की पंपाचा मालक बांधावर उभा असतो आणि बोटवाल्याच्या पायाखाली जमीन नसते.

पंख्याच्या या घसरण्याचं निदान कसं करायचं, याबद्दल हा लेख आहे. विषय यंत्राचा आहे, पण तो केवळ यंत्रापुरता राहत नाही. कारण इथे आवाज फसवतो. बोटीतल्या प्रवाशाला वाटतं, इंजिन जोरात आहे म्हणजे सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात इंजिन अचानक जोरात ओरडू लागणं हीच पुष्कळदा पहिली वाईट बातमी असते.

दोन पाण्यांच्या मधलं गाव

बाजार आमटीसाठी नाव झालेलं करकंब पंढरपूर तालुक्यात आहे. एका अंगाला वीसेक किलोमीटरवर चंद्रभागेकाठचं पंढरपूर, दुसऱ्या अंगाला टेंभुर्णी आणि त्यापलीकडे उजनी धरण. गावाला घाट नाही की धक्का नाही, पण गावाचं अर्थकारण पाण्याशी बांधलेलं आहे. उजनीच्या कालव्याला पाणी कधी सुटणार आणि धरण किती टक्के झालं, हे इथे ऊस लावणाऱ्याला पाठ असतं.

या टक्केवारीत एक गंमत आहे. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातला 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा. म्हणजे धरण शून्य टक्क्यांवर आलं, असं वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हाही धरणात 63 टीएमसी पाणी असतं. त्याच्या खाली गेलं की मोजणी उण्यात सुरू होते. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते कोरडं धरण. मासेमाराच्या आणि नावाड्याच्या दृष्टीने मात्र अजूनही मैलभर पसरलेलं पाणी, आणि त्यातही वर्षातलं सगळ्यात अवघड पाणी.

जलाशयाच्या एका काठाला पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका, दुसऱ्या काठाला सोलापूर जिल्ह्यातला करमाळा. धरणाने या दोन काठांमधली जुनी वहिवाट बुडवली. समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. बोटीने सरळ पलीकडे. त्यामुळे इथली बोट ही सहलीची चैन नाही, ती एसटीसारखी गरजेची आहे. 21 मे 2024 रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुलं होती. एक जण पोहत काठाला लागला.

त्या अपघाताचा पंख्याशी संबंध जोडण्याचं काही कारण नाही. तिथे वारा आणि लाटा होत्या. पण त्या घटनेने एक गोष्ट ठसठशीत केली. वळिवाचा वारा उजनीवर बघता बघता उठतो. अशा वेळी बोटीचं तोंड लाटेला सामोरं ठेवायचं असतं. बोट आडवी झाली की पाणी आत येतं. तोंड धरून ठेवण्याची ताकद सुकाणूत नसते. ती पंख्याने मागे फेकलेल्या पाण्यात असते. आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीत तर वेगळं सुकाणूच नसतं, पंखा वळवला की बोट वळते. पंखा घसरला की वेग जातोच, शिवाय दिशाही हातातून जाते.

घसरल्याशिवाय ढकलता येत नाही

पंखा घसरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्लंडमधला मेंढपाळ शेतकरी. लहानपणापासून खेळण्यातल्या बोटी बनवण्याचा नाद. 1836 मध्ये त्याने पाण्यात फिरणाऱ्या स्क्रूवर चालणाऱ्या बोटीचं पेटंट घेतलं. त्याचा स्क्रू लाकडी होता आणि त्याला पूर्ण दोन वेढे होते. लाकडात स्क्रू जसा रुतत जातो तसा हा पाण्यात रुतत पुढे जाईल, जितके वेढे जास्त तितकी पकड घट्ट, अशी त्यामागची समजूत. 1837 मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना स्क्रू कशावर तरी आपटला आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. बोट थांबायला हवी होती. ती आधीपेक्षा जास्त वेगाने पळाली.

पाणी लाकडासारखं वागत नाही, हा धडा त्या मोडतोडीने दिला. पंखा पाण्यात रुतत नाही; तो पाणी मागे फेकतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून बोट पुढे जाते. दर सेकंदाला किती पाणी मागे गेलं आणि त्याचा वेग किती वाढला, या दोहोंच्या गुणाकाराएवढा जोर मिळतो. विल्यम रँकिन यांनी 1865 मध्ये हे गणित मांडलं आणि विल्यम फ्रूड व त्यांचे चिरंजीव रॉबर्ट यांनी त्या अभ्यासाची परंपरा पुढे नेली. या गणिताचा निष्कर्ष नव्या माणसाला चकवतो. पाण्याचा वेग वाढलाच नाही, तर जोरही नाही. म्हणजे पंखा पाण्यातून जराही न घसरता पुढे गेला, तर तो बोटीला ढकलणारच नाही.

तेव्हा घसरणं हा मुळात दोष नाही. हलकी, वेगाने पाण्यावर उचलली जाणारी बोट असेल तर दहा ते वीस टक्के घसर, म्हणजे न घसरता आला असता त्याहून तेवढा कमी वेग, अगदी निरोगी मानली जाते. माणसांनी आणि मालाने भरलेली, पाणी कापत हळू जाणारी बोट असेल तर हा आकडा तीस-चाळीस टक्क्यांवर जाऊ शकतो. त्यात बिघाड नाही. बिघाड तेव्हा, जेव्हा त्याच बोटीची, तेवढ्याच वजनाला, नेहमीची घसर अचानक वाढते.

आणि इथेच निदानाची पहिली पायरी आहे. घसरण्याच्या जागा दोन. एक, पाती आणि पाणी यांच्यामध्ये. दुसरी, शाफ्ट आणि पंखा यांच्यामध्ये. पहिल्या प्रकारात पंखा पूर्ण वेगाने फिरतो, पण पाण्याची पकड सुटलेली असते. दुसऱ्या प्रकारात शाफ्ट फिरतो आणि पंखा त्याच्यावर मागे राहतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात, आवाजही सारखाच. उपाय मात्र अगदी वेगळे.

पोटातलं रबर

थोड्या मोठ्या आउटबोर्ड इंजिनाचा पंखा काढून पाहिला तर तो एकसंध धातूचा नसतो. मध्यभागी एक धातूची नळी असते, तिच्या आतल्या खाचा शाफ्टच्या खाचांत बसतात. बाहेर पात्यांचा ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा गाभा. या दोहोंच्या मध्ये दाबून बसवलेलं रबराचं बुश. इंजिनाची सगळी ताकद या रबरातून पात्यांकडे जाते.

इतक्या महत्त्वाच्या जागी रबर कशासाठी? ते हरावं म्हणूनच. पात्याला दगड किंवा खोड लागलं तर कुठेतरी काहीतरी सुटायला हवं. रबर सुटलं तर पंखा क्षणभर शाफ्टवर घसरतो आणि धक्का तिथेच विरतो. रबर सुटलं नाही तर तोच धक्का शाफ्टमधून गिअरपेटीत जातो, दाते तुटतात, शाफ्ट वाकतो. गिअर बदलताना बसणारा झटकाही हेच रबर झेलतं. लहान इंजिनांत हे काम एक मऊ धातूची आडवी पिन करते, तिला शिअर पिन म्हणतात. मार बसला की पिन तुटते आणि इंजिन वाचतं. काही नव्या पंख्यांत रबराऐवजी बदलता येणारी प्लास्टिकची बाही येते.

हे बुश एका मोठ्या माराने सुटतं किंवा वर्षानुवर्षांच्या छोट्या माराने. ऊन, तेल आणि वय यांनी रबर कडक होतं, त्याची पकड जाते. एकदा ते घसरलं की घर्षणाने तापतं, तापलं की आणखी गुळगुळीत होतं आणि मग दर वेळी कमी जोराला घसरू लागतं. म्हणूनच या बिघाडाची सुरुवात नावाड्याच्या लक्षात येत नाही. पहिल्या आठवड्यात फक्त बोट भरलेली असताना, पूर्ण रेस दिली की इंजिन किंचाळतं. रेस कमी केली की पकड परत येते. नावाडी म्हणतो, आज लोड जास्त होता. पुढे निम्म्या रेसला तेच होतं. शेवटी रिकामी बोटही पुढे सरकत नाही.

डिझेल इंजिन बोटीच्या पोटात आणि लांब शाफ्टच्या टोकाला पंखा अशी रचना असेल, तर तिथे संशयित बदलतात. शाफ्टवर पंखा घट्ट धरणारी चावी झिजते किंवा तुटते, कपलिंगचे बोल्ट सैल होतात, पट्टा असेल तर पट्टा घसरतो, गिअरपेटीतली क्लच प्लेट झिजते. पण तपासाचा मार्ग एकच: इंजिनापासून पात्यापर्यंत ताकद कुठल्या सांध्यावर हरवते, ते शोधायचं.

संशयितांची यादी

चांगला मेकॅनिक पंखा उघडण्याआधी प्रश्न विचारतो. हे कधी होतं? सरळ जाताना की वळताना? शांत पाण्यात की लाटेत? भरलेल्या बोटीत की रिकाम्या? हळूहळू वाढलं की कशावर तरी आपटल्यापासून?

वळताना किंवा लाटेवर चढताना इंजिन एकदम मोकळं होत असेल, तर संशय आधी हवेवर घ्यावा. पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आला की वरची हवा खाली ओढून घेतो. पाण्याऐवजी फेस कापू लागतो. पंपाने हवा धरणं ते हेच. आउटबोर्ड इंजिनावर पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती ही हवा अडवण्यासाठीच. साधारण बोटीत ती बोटीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याच्या थोडी खाली हवी. इंजिन उंच बसवलं गेलं असेल, पट्टी तुटलेली असेल, किंवा सगळी माणसं पुढे बसल्याने बोटीची मागची बाजू उचलली गेली असेल, तर नवा पंखा आणूनही फरक पडणार नाही. चार माणसं मागे बसवून पाहणं ही यातली सगळ्यात स्वस्त तपासणी.

दुसरा संशयित कॅव्हिटेशन. नाव बऱ्याचदा हवेच्या बिघाडाला दिलं जातं, पण हा प्रकार वेगळा आहे. पात्याच्या पुढच्या बाजूला दाब इतका उतरतो की पाणी न तापताच उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात आणि जास्त दाबाच्या जागी पोचताच आतल्या आत कोसळतात. प्रत्येक दणका इवलासा, पण लाखो झाले की धातूला खड्डे पडतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या बोटीला 1894 मध्ये याच गोष्टीने अडवलं होतं. टर्बाइन प्रचंड वेगात, बोट मात्र अपेक्षेच्या मागे. पार्सन्सनी काचेच्या खिडकीचा बंदिस्त पाण्याचा बोगदा बांधून पात्यावरचे बुडबुडे पाहिले आणि शेवटी एका शाफ्टऐवजी तीन शाफ्ट व त्यांवर नऊ पंखे बसवले. 1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या आरमारी संचलनात ती बोट पहाऱ्यावरच्या नौकांना हुलकावणी देत पळाली. उजनीतल्या बोटीला एवढा वेग नसतो. तिथे कॅव्हिटेशनचं कारण सहसा वाकलेलं किंवा कडेला खरचटलेलं पातं हे असतं. पात्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक खड्डे दिसले की ते ओळखावं. जुन्या पंपाचा इम्पेलर पाहिलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येतात.

तिसरा संशयित सगळ्यात साधा आणि उजनीत सगळ्यात जास्त भेटणारा: कचरा. तंगूस, म्हणजे नायलॉनची जाळी आणि दोरा, शाफ्टभोवती गुंडाळला जातो. जलपर्णीच्या मुळ्या पात्यांत अडकतात. प्लास्टिकचं पोतं तर पंख्याला असं लपेटतं की तीन पात्यांचा एक गोळा होतो. तंगूस दिसेल तेवढाच कापून चालत नाही. तो पंख्याच्या मागे सीलपर्यंत शिरतो, सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी जातं. म्हणून पंखा काढलाच आहे तर गिअर ऑइलचा नट थोडा सैल करून तेल पाहावं. दुधाळ, चहासारखं तेल आलं तर पाणी आत गेलं आहे.

चौथा संशयित माणूस आहे. पंखा चुकीच्या पीचचा बसवला गेला असेल तर? पीच म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात पंखा, न घसरता, किती इंच पुढे गेला असता ते अंतर. ते पंख्यावर कोरलेलं असतं, सहसा व्यासाच्या पुढे. बाजारात मिळाला तो कमी पीचचा पंखा लावला की इंजिन सहज रेस होतं आणि बोट हळू जाते. बिघाड काहीच नसतो. गेल्या महिन्यात पंखा बदलला होता का, एवढं विचारलं तरी अर्धा दिवस वाचतो.

रंगाची एक रेघ

एवढं सगळं पाहूनही उत्तर मिळालं नाही, तर संशय पोटातल्या बुशवर येतो. पण बुश डोळ्यांनी पाहून कळत नाही. हाताने पंखा हलवूनही कळत नाही. इंजिन बंद करून गिअरमध्ये टाकलं तर पंखा निदान एका दिशेला अडायला हवा. दोन्ही दिशांना मोकळा फिरला तर पिन तुटली आहे किंवा गिअर बसत नाही. मात्र तो अडला म्हणजे बुश शाबूत आहे, असा अर्थ काढू नये. हाताचा जोर इंजिनाच्या जोरापुढे काहीच नाही.

पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद, चावी काढलेली, किल स्विचची दोरी सुटलेली आणि पेट्रोल इंजिन असेल तर प्लगची वायरही काढलेली असावी. यात सवलत नाही.

मग करायचं ते एवढंच. पंखा सुकवून, मागच्या बाजूला आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या गाभ्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. लहान फाइलने दोन्हींवर समोरासमोर खूण केली तरी चालते. बोट पाण्यात घालायची, नेहमीएवढं वजन ठेवायचं आणि जिथे इंजिन मोकळं होतं तिथपर्यंत रेस द्यायची. काठाला येऊन पंखा पाहायचा. रेघ सरळ राहिली असेल तर बुश निर्दोष आहे, शोध दुसरीकडे न्यावा. रेघेचे दोन तुकडे होऊन ते एकमेकांपासून सरकले असतील, तर निदान झालं. लांब शाफ्टच्या बोटीत हीच रेघ शाफ्ट आणि कपलिंग यांच्यावर, पंखा आणि शाफ्ट यांच्यावर ओढता येते. ज्या सांध्यावर रेघ तुटली तो सांधा गुन्हेगार.

दुसरी खात्री जवळ जादा पंखा असेल तर करता येते. तो लावून पाहावा. बोट नेहमीसारखी ओढू लागली तर वाद संपला.

तिसरी खात्री आकड्यांची. समजा इंजिनाचे फेरे मिनिटाला 5000, गिअरचं प्रमाण दोनास एक, पीच 13 इंच. पंख्याचे फेरे झाले 2500. 13 इंच म्हणजे 33 सेंटिमीटर. 2500 गुणिले 33 सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 825 मीटर, तासाला साडेएकोणपन्नास किलोमीटर. हा कागदावरचा वेग. मोबाइलच्या जीपीएसवर 40 किलोमीटर आला तर घसर एकोणीस-वीस टक्के. हलक्या बोटीला हे ठीक. तोच वेग 22 आला तर घसर पंचावन्न टक्क्यांवर गेली, आणि कुठेतरी ताकद हरवते आहे. फक्त ही मोजणी दोन्ही दिशांना करून सरासरी काढावी. जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग सांगतो, पाण्याच्या नाही. उजनीतून विसर्ग सोडलेला असताना चंद्रभागेत एका बाजूने जाऊन मोजलं तर आकडा सरळ फसवेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोट चांगली असतानाच हा आकडा एकदा काढून इंजिनाच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावा. आजारी माणसाचा ताप कळायला निरोगी असतानाचं तापमान ठाऊक लागतं, आणि पंख्याचं ते प्रत्येक बोटीला वेगळं असतं.

चाचणी कुठे करावी, यालाही नियम हवा. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चाचणी चालू असताना नियंत्रण सुटून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. तेराहून अधिक जण मृत्युमुखी पडले. इंजिनातल्या बिघाडाने नियंत्रण सुटलं, असं नौदलाने सांगितलं. चाचणी म्हणजे बिघाड होईल हे गृहीत धरूनच केलेली फेरी. ती प्रवासी घेऊन, किंवा प्रवासी बोटींच्या वाटेत करायची नसते. वजन हवं असेल तर पाण्याचे ड्रम भरून न्यावेत.

उणे पाण्यातले मार

उजनीत पंखे इतके मार का खातात, याचं उत्तर पुन्हा त्या टक्केवारीत आहे. जलाशय भरलेला असताना वीस-तीस फूट खाली असणारी वस्तू उणे पातळीला पात्याच्या उंचीवर येते. बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींची कडी, बाभळीची खोडं, जुने रस्ते आणि पूल. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाणी उतरलं की वर येतं, तेव्हा ते पाहायला माणसं जातात, फोटो छापून येतात. पण मंदिर दिसतं म्हणून ते टाळता येतं. धोका त्या वस्तूंचा, ज्या अजून हातभर पाण्याखाली आहेत.

भिगवण, कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांची गर्दी असते. पक्षी उथळ पाण्यात, म्हणून बोटही उथळ पाण्यात. तिथे गाळ आणि वाळू पात्याची कड हळूहळू खातात. कड गेली की पातं पाणी नीट कापत नाही, घसर वाढते, इंजिन जास्त रेस करावं लागतं, इंधन जास्त लागतं. बुश शाबूत असताना बोट ओढत नसेल तर बहुतेक वेळा गोष्ट हीच असते. उथळ पाण्यात इंजिन उचलून काठीने बोट ढकलणारा नावाडी आळशी नसतो. तो पंखा वाचवत असतो.

वेल्डिंगचा मोह

निदान झालं, बुश गेलं. पुढे काय? जवळच्या गावात नवं बुश मिळत नाही. मशीन-शॉपमध्ये ते दाबून बसवावं लागतं, त्यासाठी प्रेस लागतो, योग्य मापाचं रबर लागतं. यात दोन-चार दिवस धंदा बुडतो. मग कुणीतरी सुचवतं: आरपार भोक पाड, बोल्ट टाक. किंवा आतली नळी आणि गाभा वेल्डिंगने जोडून टाक, पुन्हा कधी घसरणार नाही.

आणि खरंच घसरत नाही. तक्रार संपते, पैसे वाचतात, मेकॅनिकचं नाव होतं. पण ज्या जागी हार मानायची सोय ठेवली होती ती जागाच नाहीशी झालेली असते. पुढचा मार बसतो तेव्हा बाभळीचं खोड आणि गिअरचे दाते यांच्यात मध्यस्थ कुणी नसतं. रबराचा बिघाड हळूहळू वाढतो, इशारा देतो, कमी रेसला निदान काठापर्यंत आणून सोडतो. तुटलेला गिअर तसं काही करत नाही. बोट पाण्याच्या मधोमध बंद पडते. शिअर पिनेच्या जागी पोलादी खिळा ठोकणं हा याचाच धाकटा भाऊ.

बुश घसरू लागलेल्या बोटीने काठाला येण्याचा मार्ग आहे: रेस कमी करा, पकड धरेल तेवढ्याच वेगाने या. तो मार्ग काठाला येण्यापुरता आहे. उद्या, परवा, बाजाराच्या दिवशी भरलेली बोट घेऊन जाण्यासाठी नाही.

पुराआधीची तपासणी

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीने सोलापूर जिल्ह्यात जो पूर आणला, त्यात माढा, मोहोळ, करमाळा या, एरवी दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या, तालुक्यांत माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. एनडीआरएफ आणि सैन्यदल आलं. या भागात बोट ही आता फक्त धरणावरची वस्तू राहिलेली नाही. ती केव्हाही शिवारात लागू शकते.

बचावासाठी ठेवलेल्या बोटीची अडचण अशी की तिचं इंजिन वर्षातले बहुतेक दिवस गोदामात पडून असतं. पत्र्याच्या शेडखाली सोलापूरचा उन्हाळा काढलेलं रबर बाहेरून काळं, नवं दिसतं. पावसाळ्यापूर्वी इंजिन सुरू करून पाहिलं जातं. धूर निघतो, आवाज येतो, नोंद होते. पण पाण्याबाहेर किंवा पिंपात चालवलेल्या इंजिनावर भारच नसतो. भार नसताना बुश कधीच घसरत नाही. ते घसरतं तेव्हा बोटीत आठ माणसं असतात आणि समोरून पुराची ओढ असते.

कायद्याची बाजू अगदीच मोकळी नाही. 1917 चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने 2021 मध्ये अंतर्देशीय नौका कायदा केला. त्यात नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता यांची तरतूद आहे. कुगावच्या अपघातानंतर लाइफ जॅकेटबद्दल बोललं गेलं, ते योग्यच आहे. पण लाइफ जॅकेट अपघातानंतर कामाला येतं. त्याआधी कामाला येईल अशी तपासणी फार साधी आहे. पंख्यावर रंगाची रेघ. पूर्ण वजनानिशी, प्रवाशांशिवाय, खुल्या पाण्यात एक फेरी. दोन्ही दिशांचा वेग आणि इंजिनाचे फेरे यांची नोंद. बोटीत जादा पंखा किंवा पिन, तो बदलायचा पाना आणि दोन वल्ही. यातल्या कशालाही परदेशी यंत्र लागत नाही. करकंबच्या मोटार-दुकानात पंपाचं कपलिंग तपासणारा पोरगा हे एका दुपारी शिकेल, कारण त्यातलं निम्मं त्याला आधीच येतं.

इंजिन किती अश्वशक्तीचं आहे, हे त्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्यातली किती ताकद पाण्यापर्यंत पोचते, हे दर वर्षी कुणीतरी मोजून त्याखाली लिहायला हवं. जोवर ते लिहिलं जात नाही, तोवर बोटीत पाय ठेवण्याआधी वल्ही मोजावीत, आणि ती नसतील तर पुढच्या बोटीची वाट पाहावी.